खाडीपलीकडचं माहेर

आजीचं सासर आरोंद्याला, माहेर तेरेखोल खाडीपलीकडे, पेडण्यातल्या पालयेला. होडीने किरणपाणीला उतरलं की पुढे पायवाट. इकडे सावंतवाडी संस्थान, तिकडे पोर्तुगीज राज्य. पण चवथीला, जत्रेला, बाळंतपणाला माणसं सहज ये-जा करत. सोयरीक जुळवताना सरहद्द कुणी मोजत नसे.

1950 मध्ये भारताने गोव्याबद्दल बोलणी करू म्हणून पोर्तुगालला कळवलं. तिथला हुकूमशहा सालाझार बधला नाही. पुढच्याच वर्षी घटना बदलून त्याने गोव्याला पोर्तुगालचा सागरापारचा प्रांत ठरवलं. 1953 मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. यातलं आजीच्या कानावर काही आलं नाही. तिला कळलं ते होडी बंद झाल्यावर.

15 ऑगस्ट 1955. पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पंजाबातून आलेला तरुण कर्नेलसिंग बेनिपाल तिथेच पडला. भारताने संबंध तोडले, नाकेबंदी आवळली. गोव्याच्या बाजारात मग हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा येऊ लागला. त्यातलं काही रात्रीच्या अंधारात अलीकडेही उतरे. आजी सांगायची, "आवशीचा तोंड दिसा नाय, पण तिकडचे बटाटे मात्र येयत."

आई गेल्याची बातमी तिला बारावं उलटल्यावर मिळाली. ते सांगताना ती कुणाला दोष देत नसे. मी देते, आणि तो सालाझारला. बोलणी करायलाच नकार देणाऱ्यापुढे दिल्लीच्या हाती फार काही उरलं नव्हतं. तरी नाकेबंदीचा चटका लिस्बनच्या आधी आमच्या खाडीकाठाला बसला, हेही तितकंच खरं.

भारताच्या हद्दीतून दादरा-नगरहवेली या आपल्या मुलखात जायची वाट मागत पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला होता. एप्रिल 1960 मध्ये निकाल लागला: साध्या माणसांना आणि मालाला दमणहून तिथे जायचा हक्क होता, सैन्याला, शस्त्रांना नव्हता, आणि भारताने वाट अडवली त्यात कर्तव्यभंग नव्हता. 'साध्या माणसांना' हे शब्द वाचून मी थांबले. आजीची दाद कुठल्याच न्यायालयात लागणार नव्हती.

19 डिसेंबर 1961 ला गोवा सुटला. आठवडाभरात आजी माहेरच्या उंबऱ्यावर होती. भावाने आईची लुगडी तिच्यासाठी जपून ठेवली होती. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते थेट 1974 च्या अखेरीस. तोवर माझी थोरली आत्या पालयेलाच सासरी नांदत होती.