मुंगी, मधमाशी आणि मुसव्विर

साखर कारखान्याच्या गावात वाढलेल्या माणसाला मुंगी वेगळी दाखवावी लागत नाही. माळशिरस तालुक्यातले आमचे श्रीपूर महाळुंगच्या शेजारी वाढले ते कारखान्याच्या आधाराने. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी काढली आणि तिच्या कारखान्याने या माळरानाला नाव मिळवून दिले. गळीत हंगाम सुरू झाला की मळीचा वास गावभर पसरायचा आणि घराघरांत मुंग्यांच्या रांगा लागायच्या. पिठाचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवावा लागे. उसाच्या मोळीवर माश्या, दिव्यावर पाखरे, भिंतीच्या कोपऱ्यात कोळी. आमच्या बालपणीचे सोबती हेच.

मकतबात एकदा मी पाटीवर मुंग्यांची रांग काढली होती. आमच्या मौलवीसाहेबांनी ओल्या फडक्याने ती पुसली. रागावले नाहीत. ‘जानदाराची तसवीर काढू नये, बेटा. उद्या तिच्यात जीव घाल म्हणून सांगितलं तर काय करशील?’ एवढेच म्हणाले. पुढे त्याच उस्तादांनी सूरह नम्ल शिकवली, म्हणजे मुंगीचीच सूरह. जी मुंगी अल्लाहच्या कलामात आहे ती माझ्या पाटीवर का नको, हा प्रश्न तेव्हा विचारण्याची हिंमत नव्हती. पुढे पुस्तके हाती आली आणि लक्षात आले, की हा प्रश्न एकट्या माझा नव्हता. मुस्लिम जगातल्या चित्रकारांनी तो शेकडो वर्षे आपापल्या कलमाने सोडवत आणला आहे, आणि त्या इतिहासाचे एक टोक आमच्या सोलापूर जिल्ह्यातच आहे.

कुरआनात लहान जीवांना मोठी जागा आहे. सोळावी सूरह नहल म्हणजे मधमाशीची, सत्ताविसावी नम्ल म्हणजे मुंगीची, एकोणतिसावी अन्कबूत म्हणजे कोळ्याची. सुलेमान (अ.) यांचे लष्कर येताना पाहून मुंगी आपल्या बहिणींना बिळात जायला सांगते आणि तो सामर्थ्यवान पैगंबर तिचे बोलणे ऐकून स्मित करतो. मधमाशीला घर कुठे बांधावे याची प्रेरणा अल्लाह देतो. त्यासाठी आयतीत ‘वह्य’ हाच शब्द आला आहे. डासाचे उदाहरण द्यायला अल्लाहला संकोच वाटत नाही, असे सूरह बकरा सांगते. आणि सूरह हज्जमध्ये माणसाच्या गर्वावर बोट ठेवले आहे: तुम्ही ज्यांना पुजता ते सगळे एकत्र आले तरी एक माशी निर्माण करू शकणार नाहीत. इतकेच नव्हे, माशीने काही हिरावून नेले तर ते परतही मिळवू शकणार नाहीत.

चित्राबद्दलच्या हदीसमध्येही हाच सूर आहे. माझ्यासारखे निर्माण करू पाहणाऱ्यांनी एक ‘जर्रा’ तरी निर्माण करून दाखवावा, असे ते आव्हान आहे. जर्रा म्हणजे कण, आणि अरबीत अगदी बारीक मुंगीही. उलेमांमध्ये यावर मतभेद होत राहिले. काहींनी प्राणिमात्रांचे चित्रच नको म्हटले, काहींनी पूजेसाठीच्या मूर्ती तेवढ्या निषिद्ध मानल्या. या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. चित्रकारांनी या आव्हानाला कसे उत्तर दिले, एवढेच इथे पाहायचे आहे.

पहिले उत्तर ग्रंथांनी दिले. अरबीत सरपटणाऱ्या, वळवळणाऱ्या लहान जीवांना ‘हशरात’ म्हणतात. कीटक त्यात येतात, विंचू आणि कोळीही येतात. आपल्या बोलीतला ‘किडा-मुंगी, विंचू-काटा’ हा गोतावळा म्हणजे जवळजवळ तोच. नवव्या शतकात बसऱ्याच्या जाहिजने ‘किताब-उल-हयवान’ लिहिताना माशीसारख्या जीवालाही विचाराचा विषय मानले. तेराव्या शतकात जकरिया कझविनीने ‘अजाइब-उल-मख्लूकात’ लिहिले. निर्मितीतील आश्चर्ये असा त्याचा अर्थ. त्यात आकाशातल्या फरिश्त्यांपासून सुरुवात होते आणि प्राण्यांच्या भागाचा शेवट हशरातवर होतो. १२८० साली, म्हणजे कझविनीच्या हयातीतच, वासित इथे तयार झालेली या ग्रंथाची सचित्र प्रत आज जर्मनीत म्युनिकला आहे. धर्मभीरू काझी असलेल्या कझविनीला आपल्या ग्रंथात जीवजंतूंची चित्रे असण्यात वावगे वाटले नाही. चित्र पाहून वाचकाच्या तोंडून ‘सुब्हानअल्लाह’ निघावे, हाच त्याचा हेतू होता.

या ग्रंथाच्या फारसी आवृत्त्या हिंदुस्थानात आल्या आणि दख्खनच्या दरबारांतही त्याच्या सचित्र प्रती तयार झाल्या. दख्खन म्हटले की आपला मुलूख आलाच. १५६४ साली अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाने मुलगी चाँदबीबी विजापूरच्या पहिल्या अली आदिलशाहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात गेला. त्याच अली आदिलशाहाच्या काळात, १५७० साली, विजापुरात ‘नुजूम-उल-उलूम’ हा ग्रंथ सिद्ध झाला. ग्रह, राशी, शस्त्रे, हत्ती-घोडे, मंत्र-तंत्र यांची शेकडो चित्रे त्यात आहेत. ही प्रत आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. सोलापूरचा किल्ला ज्याच्या ताब्यात होता, त्याच सुलतानाच्या काळात चराचराची ही चित्रवही रंगली, हे आपण सहसा आठवत नाही. सोलापूरच्या इतिहासात आपल्याला फक्त लढाया शिकवल्या जातात.

दुसरे उत्तर उत्तरेत मिळाले. ‘आइन-ए-अकबरी’त अबुल फजलने अकबराचे एक मत नोंदवले आहे. चित्रकाराला ईश्वर ओळखण्याची एक खास वाट असते, असे अकबर म्हणे. तो जीवाचा एकेक अवयव हुबेहूब रंगवतो, पण त्यात प्राण घालू शकत नाही, आणि त्यामुळे खऱ्या प्राणदात्याकडे त्याचे मन वळते. अकबराची बाकीची धर्ममते कुणाला पटोत न पटोत, हा विचार मात्र थेट माशीच्या त्या आयतीकडे जातो. माझ्या मौलवीसाहेबांचा प्रश्नही तोच होता. त्यांनी त्यावरून पाटी पुसली, अकबराने तसवीरखाना उघडला.

जहांगीरने या विचाराला निरीक्षणाची जोड दिली. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याच्या बंदरातून त्याच्यासाठी दुर्मीळ प्राणी-पक्षी खरेदी करून आणले. त्या वेळी जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो, की बाबराने प्राण्यांची वर्णने केली, पण चित्रकारांकडून ती काढून घेतली नाहीत. ते काम जहांगीरने करवून घेतले. उस्ताद मन्सूर हा त्याचा चित्रकार, ‘नादिर-उल-असर’ म्हणजे युगातला अद्वितीय. १६२० च्या काश्मीर भेटीत मन्सूरने शंभरावर फुले रंगवल्याची नोंद जहांगीरने केली आहे. त्यांतली फार थोडी उरली. त्यांपैकी लाल ट्यूलिपचे चित्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे. फुलाजवळ फुलपाखरू आहे. बादशहाचे चित्र काढावे तितक्याच अदबीने ते काढलेले आहे.

ही अदब कष्टाची होती. कागदाचे थर खळीने चिकटवून वसली तयार करायची. हरणाच्या पारदर्शक कातड्यावर, म्हणजे चरब्यावर, मूळ रेखाटन छापून घ्यायचे, रेषेवर सुईने भोके पाडायची आणि कोळशाची पूड झाडून ते नव्या कागदावर उतरवायचे. मग सफेद्याचा पातळ हात, त्यावर रंगांचे थर, आणि मधूनमधून चित्र पालथे घालून अकीकाच्या दगडाने घोटणे. शेवटी खारीच्या शेपटीच्या केसांचा कलम घेऊन परदाज करायचा, म्हणजे बारीक ठिपक्यांनी गोलाई आणि छाया आणायची. फुलपाखराच्या पंखावरची भुकटी, चतुराच्या पंखाची जाळी ही परदाजाचीच परीक्षा. जो हात हे करतो त्याला गर्व कुठून यायचा? दिवसभर मान मोडून रंगवलेली माशी उडत नाही, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार!

शहाजादा दारा शुकोहने १६३० च्या दशकात एक मुरक्का, म्हणजे चित्रांची वही, तयार केला आणि १६४१-४२ मध्ये आपली बेगम नादिरा बानू हिला भेट दिला. त्यात पक्षी आहेत, फुलझाडे आहेत आणि फुलांभोवती फुलपाखरे, पतंग, कीटक आहेत. युरोपातून आलेल्या छापील फुलचित्रांचा प्रभाव त्यांवर दिसतो. कीटकशास्त्रज्ञाला प्रत्येकाची जात ओळखता येईलच असे नाही, कारण काही पंख चित्रकाराच्या कल्पनेतले आहेत. १६५९ मध्ये दाराची हत्या झाली. अर्पणपत्रिकेतले त्याचे नाव कुणीतरी सोन्याच्या रंगाखाली झाकले. ती वही आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. शहाजाद्याचे नाव पुसण्याचा प्रयत्न झाला, फुलपाखरे मात्र कुणी पुसली नाहीत.

किडा चित्राचा विषय होता तसा तो चित्राचा मालही होता. मराठीत आपण ‘किरमिजी’ रंग म्हणतो. तो शब्द अरबी ‘किर्मिज’वरून आला आणि किर्मिज हा ओकच्या झाडावरचा किडा. हिंदुस्थानी चित्रकारांचा एक सुंदर लाल रंग लाखेपासून निघे, आणि लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरील किड्यांनी स्वतःभोवती केलेले कवच. जम्मूच्या डोंगरातल्या बसोहलीत सतराव्या शतकाच्या अखेरीस चित्रकार चकचकीत हिरव्या भुंग्याच्या पंखांचे तुकडे पाचू म्हणून चिकटवत. हैदराबाद आणि मद्रासकडे तेच पंख मलमलीवर जरीसोबत टाके घालून बसवले जात. आणि लाखेपासून घडवलेले काम म्हणावे तर बांगडी. आठवड्याच्या बाजारात काचेशेजारी लाखेच्या बांगड्या मांडून बसलेला मन्यार आपल्या बिरादरीचाच. किड्याचे घर बायकांच्या मनगटावर चढवणारा तो कारागीर आपल्या कलेच्या इतिहासात कधी येत नाही. सावंतवाडीच्या चितारींची लाखकाम केलेली खेळणीही याच घरातली.

आता ते सोलापूर जिल्ह्यातले टोक. श्रीपूरहून पंढरपूर एस.टी.ने तासाभरावर. तिथे १९१५ साली एका सुलेमानी बोहरा कुटुंबात मकबूल फिदा हुसेन जन्मले. तान्हेपणीच आईचे छत्र गेले आणि वडील त्यांना इंदूरला घेऊन गेले. अरबी सुलेखनाचे धडे त्यांनी लहानपणीच घेतले. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले, लाकडी खेळणी बनवली, १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले. घोड्यांसाठी ते जगभर ओळखले गेले. पण १९५६ साली त्यांनी काढलेल्या एका महत्त्वाच्या चित्राचे नाव आहे ‘बिट्वीन द स्पायडर अँड द लॅम्प’, कोळी आणि दिवा यांच्यामध्ये. उभ्या स्त्रियांची रांग, एकीजवळ दिवा, एकीच्या हाताशी धाग्याला लोंबणारा कोळी, आणि वर प्राचीन लिपीसारखी, वाचता न येणारी अक्षरे.

या चित्राचे अर्थ अनेकांनी लावले. मला मात्र त्यात आपल्या घरातली ओळख दिसते. मुस्लिम घरात वाढलेल्या मुलाला कोळी दोनदा भेटतो. सूरह अन्कबूतमध्ये कोळ्याचे घर सर्वांत कमकुवत म्हटले आहे. आणि हिजरतच्या कथेत सौरच्या गुहेच्या तोंडावर त्याच कोळ्याचे जाळे प्रेषितांना (स.) शत्रूपासून वाचवते. कमकुवत घर आणि आडोसा, दोन्ही एकाच धाग्याचे. हुसेन २००६ मध्ये देश सोडून गेले, २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये वारले. त्यांच्या काही चित्रांबद्दल राग धरणारे होते आणि तो राग एकाच समाजातला नव्हता. मला इतकेच सांगायचे आहे, की जहांगीरच्या चित्रकारापासून पंढरपूरच्या या मुलापर्यंत एक धागा येतो, आणि तो आपण परका म्हणून सोडून देऊ नये.

आपल्या मोहल्ल्यांत चित्रकलेचा तास आजही अनेकांना गुन्ह्यासारखा वाटतो. मुलगा चांगला हात घेऊन येतो आणि वयाच्या दहाव्या वर्षी कलम खाली ठेवतो. त्यामागे ईमानाची काळजी असते, हे मी नाकारत नाही. पण कझविनीलाही ईमान होते. ज्या भीतीने आपण मुलाची पाटी पुसतो, त्याच भीतीने त्यांच्या कलमाला नम्रता शिकवली. माशीचा पाय रंगवताना ज्याला आपली मर्यादा कळली, तो ‘अल-मुसव्विर’ हे अल्लाहचे नाव अधिक समजून उच्चारतो.

आमचे मौलवीसाहेब आता हयात नाहीत. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. परवा श्रीपूरला घरी गेलो होतो. नातीला सूरह नहल पाठ होत होती आणि समोर वहीत तिने मधमाशी काढली होती, चार पायांची. मी म्हटले, ‘खिडकीत बसलीय, जाऊन मोज.’ ती गेली, मोजून आली आणि दोन पाय वाढवले.