पॉवर टिलर : धान-पट्ट्यातील दुचाकी ट्रॅक्टर

चालकाने मागून चालत लांब दांड्यांनी हाकावयाचा दुचाकी ट्रॅक्टर. यूरोप-अमेरिकेत त्याची गणना बागेच्या अवजारांत होते. आशियात मात्र धानाचा चिखल हेच त्याचे कार्यक्षेत्र ठरले. फिरत्या पात्यांनी माती कापण्याची कल्पना स्वित्झर्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने ती धानशेतीस जुळवून घेतली व १९६० नंतरच्या दशकात हे यंत्र भारतात आले.

आरंभी कुबोटा, मित्सुबिशी, यान्मार, इसेकी व सातो ही जपानी आणि हैदराबादचे ‘कृषी’ अशी अनेक नावे स्पर्धेत होती. पुढे बाजारपेठ मुख्यतः दोघांच्या हाती राहिली. मित्सुबिशीच्या सहकार्याने पुढे आलेली बंगलोरची व्ही. एस. टी. कंपनी १९६७ मध्ये, तर कुबोटा पद्धतीचे यंत्र बनविणारी केरळ शासनाची ‘कामको’ ही संस्था १९७३ मध्ये स्थापन झाली. दोहोंची प्रचलित यंत्रे जवळजवळ सारखीच आहेत : एक सिलिंडर, पाण्याने थंड होणारे डीझेल एंजिन, १२-१३ अश्वशक्ती आणि सु. ६० सेंमी. रुंदीची फिरती पाती. एवढ्या साम्यामुळे निवड अश्वशक्तीवर फारशी अवलंबून राहत नाही. पाती, पट्टे व क्लचचे भाग जवळच्या बाजारात मिळतात की नाही, यावर ती ठरते. चिखलणीच्या दिवसांत यंत्र आठवडाभर बंद पडले, तर रोवणी लांबते व पऱ्हे जून होतात. बंद पडलेल्या नाममुद्रेचे यंत्र म्हणूनच स्वस्तातही महाग पडते.

चंद्रपूर जिल्ह्याचा सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मूल हा पूर्वभाग आणि १९८२ मध्ये त्या जिल्ह्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा यांत धान हे मुख्य पीक आहे. जंगलालगतच्या व मालगुजारी तलावांखालच्या बांध्या लहान, चढउताराच्या असतात. चारचाकी ट्रॅक्टराला तेथे वळण्यास जागा अपुरी पडते आणि त्याच्या वजनाने धुरे खचतात. पॉवर टिलर ४००-५०० किग्रॅ. वजनाचा असल्याने एका बांधीतून दुसरीत नेता येतो. रबरी चाकांऐवजी लोखंडी पिंजरेवजा चाके लावली, की तो चिखलात रुतत नाही. वरोऱ्याकडील काळ्या, मोकळ्या शेतांत मात्र चारचाकी ट्रॅक्टरच सरस ठरतो.

श्रमाची बाजू जाहिरातीत येत नाही. ६० सेंमी. रुंदीच्या पट्ट्याने एक हेक्टर एकदा मशागत करण्यास चालकाला सु. १७ किमी. चालावे लागते, तेही चिखलात आणि हादरणारे दांडे धरून. नांगरामागे याच्या कित्येक पट चालणे होई, हे खरे. पण हादरे नव्हते.

जोडअवजारांत फिरत्या पात्यांखालोखाल महत्त्व ट्रेलरचे. हंगाम सरला की याच यंत्राने धान, लाकूड, विटा वाहतात. ट्रेलर जोडून उतारावर जाताना धोका असतो. सपाटीवर ज्या बाजूचा क्लच दाबावा त्या बाजूस यंत्र वळते. तीव्र उतारावर ते चाक सुटे होऊन अधिक वेगाने धावते व यंत्र विरुद्ध बाजूस वळते. नवख्या चालकास हे आधी शिकविणे आवश्यक असते.

चिनी यंत्रे आल्यावर किंमतीची स्पर्धा वाढली. जुलै २०२० मध्ये केंद्र शासनाने पॉवर टिलरची आयात निर्बंधित वर्गात घातली.