यू-१८० आणि निजामाच्या मुलखातील एक प्रवासी

पैनगंगेच्या खोऱ्यातील हिमायतनगर, अर्थात जुने वाढोणा, हे गाव कोणत्याही समुद्रापासून शेकडो मैल दूर असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धातील सागरी संग्रामाशी त्याचा संबंध जोडणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु नांदेड जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणे हेही गाव त्या वेळी निजाम सरकारच्या अमलाखाली होते. पटवाऱ्याच्या दफ्तरात नोंद होऊन तहसिलीत भरला जाणारा येथील शेतसारा अखेरीस हैदराबादच्या खजिन्यातच जमा होई, आणि त्या संस्थानाने ब्रिटिश सरकारला युद्धकार्यासाठी दिलेल्या देणग्यांच्या गौरवार्थ ब्रिटिश वायुदलाच्या १५२ आणि २५३ क्रमांकांच्या लढाऊ तुकड्यांना हैदराबादचे नाव देण्यात आले होते. या दोन्ही तुकड्या १९४० साली इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंजल्या. अशा रीतीने दरबाराची निष्ठा निःसंदिग्ध असताना, त्याच दरबाराचा एक प्रजाजन तीन वर्षांच्या आत एका जर्मन पाणबुडीतून, ब्रिटिश सत्तेच्या सर्वांत धाडसी प्रतिस्पर्ध्याच्या सोबतीने, आशियाकडे निघाला होता.

ती पाणबुडी म्हणजे यू-१८०. ब्रेमेन येथील वेझर गोदीत बांधलेली ही नौका १६ मे १९४२ रोजी जर्मन आरमारात दाखल झाली. सुमारे ८७ मीटर लांबीची आणि पृष्ठभागावर असताना सोळाशे टनांहून अधिक विस्थापनाची ही पाणबुडी ‘नऊ डी एक’ या वर्गातील होती, आणि या वर्गाच्या केवळ दोनच नौका बांधल्या गेल्या. त्या काळातील पाणबुडी पाण्याखाली विजेच्या बॅटऱ्यांवर मंद गतीने व मर्यादित काळच चालू शकत असल्याने तिचा बहुतेक प्रवास पृष्ठभागावरूनच, डिझेल एंजिनांच्या बळावर, होत असे. म्हणून पृष्ठभागावरील वेग वाढवावा या हेतूने रचनाकारांनी यू-१८० मध्ये वेगवान टॉर्पेडो-बोटींसाठी निर्माण केलेली, प्रत्येकी पंधराशे अश्वशक्तीची सहा डेमलर-बेंझ एंजिने बसविली. ताशी वीस सागरी मैलांहून अधिक वेग तिला प्राप्त झाला खरा. परंतु ही एंजिने अतिशय तापत, उष्ण समुद्रात त्यांचा जाच असह्य होई, आणि त्यांचा धूर दूरवरून दिसत असल्याने ज्या नौकेचे सारे सामर्थ्य अदृश्य राहण्यात, तिची चाहूल शत्रूला आधीच लागण्याचा धोका निर्माण झाला.

९ फेब्रुवारी १९४३ रोजी कप्तान व्हेर्नर मुझेनबेर्ग यांच्या आधिपत्याखाली ही नौका कील बंदरातून निघाली, तेव्हा तिच्यात सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन हे दोन हिंदी प्रवासी होते. हसन हैदराबादचे, काही काळ साबरमती आश्रमात राहिलेले आणि पुढे अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी जर्मनीत गेलेले. उत्तर अटलांटिकमधील ब्रिटिश पहारा टाळीत, आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या या दीर्घ प्रवासात डिझेलचा दर्प अन्नवस्त्रांत भिनला असता, बोस आपल्या इंग्रजी ग्रंथाची सुधारणा करीत आणि भावी भाषणांचे मजकूर हसन यांना सांगून लिहवून घेत. नौकेच्या कोठीत तांदूळ आणि डाळ सापडल्यावर हसन यांनी नेताजींसाठी खिचडी शिजविल्याची आठवणही त्यांनी पुढे सांगितली आहे. प्रवास मात्र केवळ वाहतुकीचा नव्हता. १८ एप्रिल रोजी दक्षिण आफ्रिकेनजीक कॉर्बिस हे ब्रिटिश तेलवाहू जहाज यू-१८० ने बुडविले, आणि पाणबुडीतील पाहुण्यांना युद्धाचे भीषण स्वरूप प्रत्यक्ष अनुभवावे लागले.

पुढे मादागास्करच्या आग्नेयेस जपानी पाणबुडी आय-२९ शी तिची भेट ठरलेली होती. दोन्ही नौकांची गाठ पडली, परंतु समुद्र खवळलेला असल्याने प्रवाशांची अदलाबदल लांबणीवर पडली. शेवटी २८ एप्रिल रोजी रबरी होडीतून, ओलेचिंब होऊन, बोस आणि हसन जपानी नौकेत पोहोचले. त्यांच्या मोबदल्यात दोन जपानी नौदल अधिकारी यू-१८० वर आले. जर्मनांकडून शस्त्रांचे नकाशे व नमुने गेले, तर जपान्यांकडून सुमारे दोन टन सोने, क्विनीन आणि टॉर्पेडो मिळाले. मे महिन्यात बोस सुमात्राच्या उत्तर टोकाजवळील साबांग बंदरात उतरले, आणि २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूर येथे आझाद हिंद सरकारची स्थापना झाली.

परतीच्या वाटेवर, जूनमध्ये, बोरिस हे ग्रीक जहाज बुडवून यू-१८० जुलैच्या आरंभी बोर्दो येथे पोहोचली. दोनच जहाजांच्या कामगिरीवर तिचा युद्धनौका म्हणून हिशेब पूर्ण झाला. ती सहा सदोष एंजिने काढून तिला माल वाहणारी पाणबुडी बनविण्यात आले. ऑगस्ट १९४४ मध्ये जपानकडे निघाली असता बिस्केच्या उपसागरात, कदाचित सुरुंगाच्या स्फोटाने, ती आपल्या छप्पन्न खलाशांसह बुडाली. आय-२९ ला तर त्यापूर्वीच, २६ जुलै रोजी, अमेरिकन पाणबुडीने जलसमाधी दिली होती. हसन मात्र आझाद हिंद सेनेच्या मोहिमांतून बचावले आणि स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र सेवेत राजदूतपदापर्यंत चढले.

यंत्रशास्त्राच्या कसोटीवर यू-१८० ही फसलेली रचना होय, आणि जर्मन आरमाराच्या जमाखर्चात तिचे स्थान सामान्य आहे. तिचे महत्त्व तिच्या रचनाकारांनी कधी न कल्पिलेल्या एका कामामुळे टिकले. हैदराबाद संस्थानाविषयीही असेच म्हणता येईल. दरबाराचे फर्मान आणि खजिन्याचे आकडे पाहून साऱ्या रयतेची निष्ठा ठरविणाऱ्यास ब्रिटिश वायुदलाच्या तुकड्या दिसतील, आबिद हसन दिसणार नाहीत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानाचा अंमल संपला, तो केवळ फौजेच्या बळामुळे नव्हे. दरबार आणि प्रजा यांच्यातील ही फारकत कित्येक वर्षे आधीच पडलेली होती, म्हणून. मराठवाड्याच्या युद्धकालीन इतिहासात संस्थानाच्या देणग्यांची नोंद करणाऱ्याने त्याच पानावर या पाणबुडीचीही नोंद करावी, हे न्यायाचे होईल.