ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेट्रीज इन साउथ एशिया

ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेट्रीज इन साउथ एशिया (संक्षेप: बॅक्सा) ही दक्षिण आशियातील जुन्या युरोपीय दफनभूमींची नोंद व जतन करणारी ब्रिटिश संस्था आहे. थिऑन विल्किन्सन यांनी १९७६ साली तिची स्थापना केली. त्याच वर्षी त्यांचे ‘टू मान्सून्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुंबईत येणाऱ्या युरोपीय माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, या अर्थाच्या जुन्या म्हणीचा संदर्भ या शीर्षकाला आहे.

कार्य

संस्थेचे सदस्य दफनभूमींत फिरून थडग्यांची छायाचित्रे घेतात व त्यांवरील लेख उतरवून काढतात. हे दस्तऐवज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केले आहेत. दफनभूमींच्या दुरुस्तीसाठी संस्था अर्थसाहाय्य देते. ‘चौकीदार’ हे तिचे नियतकालिक आहे.

महत्त्व

कुटुंबाचा इतिहास शोधताना दफनांच्या नोंदवहीतून नाव, वय व तारीख कळते. थडग्यावरील लेखात मात्र पलटण, जन्मगाव, मृत्यूचे कारण किंवा स्मारक उभारणारे नातलग यांचाही उल्लेख आढळू शकतो. पाऊस, झाडांची मुळे आणि दगडांची चोरी यांमुळे असे लेख नष्ट होतात. त्यानंतर पूर्वी घेतलेले छायाचित्र किंवा उतारा हाच त्या मजकुराचा पुरावा उरतो.