टेप पुसली, चिमणराव उरले : एका विनोदी मालिकेचा हरवलेला दस्तऐवज

१) भारतीय दूरचित्रवाणी मालिकांचा इतिहास बहुतेक ठिकाणी ७ जुलै १९८४ पासून सुरू केला जातो. त्या दिवशी ‘हम लोग’ सुरू झाली. विनोदी मालिकांच्या संदर्भात त्याच वर्षीच्या ‘ये जो है जिंदगी’चे नाव घेतले जाते. राष्ट्रीय प्रक्षेपणापुरते हे खरेच आहे. परंतु मराठी प्रेक्षक त्याआधी काही वर्षे एका कुटुंबाच्या फजितीवर मनमुराद हसून मोकळा झाला होता. त्या मालिकेचे नाव ‘चिमणराव’. ती कशी घडली आणि इतिहासाच्या पानातून कशी निसटली, हा आजच्या धाग्याचा विषय.

२) प्रथम काळाची चौकट पाहू. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७३ मध्ये पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले. ज्या गडाचे नाव निघताच आपल्याला १६७० साल आठवते, त्याच गडावरून मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. ‘चिमणराव’ ही या नव्या, स्वतंत्र दूरदर्शनच्या पहिल्या काही वर्षांतील निर्मिती.

३) सिंहगडापासून पिंपरी हवाई अंतराने सुमारे तीस किलोमीटर. येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी विकसित केल्या, पाठोपाठ टेल्को आणि बजाज ऑटो आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. सत्तरीच्या उत्तरार्धात ही वस्ती गावही राहिली नव्हती आणि शहरही झाली नव्हती. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, कोकण अशा निरनिराळ्या मुलखांतून आलेली माणसे येथे शेजारी म्हणून राहू लागली होती.

४) आता चिमणरावांकडे. त्यांचे जनक चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३), म्हणजेच चिं. वि. जोशी. जन्म पुण्याचा, हयातीचा मोठा भाग बडोद्यात. व्यासंगाने पालीचे पंडित, बौद्ध साहित्याचे अभ्यासक. त्यांनी उभा केलेला चिमणराव हा भित्रा, पापभीरू, मनाने निर्मळ असा पांढरपेशा कारकून. त्याच्या जोडीला नात्यातला धिप्पाड, आडदांड गुंड्याभाऊ. घरात आई, पत्नी कावेरी आणि मुले. एका सामान्य घराला जगात वावरताना पडणारे पेच, हाच या कथांचा ऐवज.

५) ही जोडी पडद्यावर आधीच येऊन गेली होती. मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. म्हणजे दूरदर्शनने हा विषय निवडला, तेव्हा मराठी मनात दोन प्रतिमा पूर्वीच ठसलेल्या होत्या : एक पुस्तकातली, दुसरी चित्रपटातली. नव्या नटांना या दोन्हींशी सामना करायचा होता.

६) मालिकेच्या निर्मितीमागे दूरदर्शनचे याकूब सईद आणि विजया जोगळेकर-धुमाळे होते. चिमणरावाची भूमिका दिलीप प्रभावळकर यांच्याकडे आली, गुंड्याभाऊची बाळ कर्वे यांच्याकडे. हे दोघेही त्या काळी केवळ अभिनयावर पोट भरणारे नव्हते. प्रभावळकर औषधनिर्मिती क्षेत्रात नोकरी करीत होते. कर्वे मुंबई महापालिकेत स्थापत्य अभियंता होते. पिंपरीच्या औषध कारखान्यातून घरी परतून संच लावणारा प्रेक्षक आणि पडद्यावरचा चिमणराव या दोघांच्या दिवसाची घडी फारशी निराळी नव्हती.

७) पुस्तकातून पडद्यावर येताना एक महत्त्वाचा बदल घडला. चिंविंच्या कथांत निवेदक स्वतः चिमणराव आहे. घरातली सारी माणसे त्याच्या लेखणीतून आपल्याला भेटतात, त्याच्या समजुतीच्या आणि गैरसमजुतीच्या पडद्याआडून. कॅमेऱ्याला ही मक्तेदारी मान्य नसते. चिमणराव बोलत असताना कावेरीच्या चेहऱ्यावर काय उमटते, आई कोणत्या क्षणी नजर वळवते, गुंड्याभाऊ मिशीवर कधी हात फिरवतो, हे सारे एकाच वेळी दिसते. एका माणसाचे आत्मकथन अशा रीतीने कुटुंबाची गोष्ट झाले. पुढील मराठी विनोदी मालिकांचा साचा याच बदलात आहे.

८) पाहण्याची रीतही निराळी होती. चित्र कृष्णधवल. वाहिनी एकच. संच बाळगायला परवाना लागे, त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. ही पद्धत १९८५ मध्ये संपली. संच महाग, म्हणून ज्यांच्या घरी तो असे, त्यांच्या घरी आळीतली मुले जमत. त्यामुळे ‘प्रेक्षक’ हा शब्द त्या काळापुरता एका घराला लावता येत नाही. प्रेक्षक म्हणजे अख्खी चाळ किंवा वसाहतीतली एक इमारत.

९) औद्योगिक पट्ट्यात यात आणखी एक गुंता होता : पाळीचा. दुसऱ्या पाळीचा कामगार संध्याकाळी यंत्रासमोर उभा असे. सामान्य घरात ध्वनिचित्रमुद्रण यंत्र नव्हते, चुकलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. त्याच्यापर्यंत मालिका पोहोचणार ती घरच्यांच्या तोंडून. सांगणारा बदलला की गोष्टीचा भर बदलतो, हे तर आपण बखरींच्या अभ्यासात शिकतोच.

१०) आता मूळ प्रश्न. एवढी लोकप्रिय मालिका अभ्यासकांच्या लेखनात इतकी विरळ का? कारण साधन हाताशी नाही. त्या काळी चित्रफीत महाग होती. कार्यक्रम प्रक्षेपित झाला की तीच फीत पुसून तिच्यावर नवा कार्यक्रम मुद्रित करण्याची प्रथा होती. ‘चिमणराव’चे आज मोजकेच भाग पाहायला मिळतात. ‘हम लोग’पासून इतिहास सुरू करणे सोपे जाते, यामागे हेही एक कारण आहे, असे मला वाटते.

११) हा दोष एकट्या दूरदर्शनचा नव्हे. ब्रिटनमध्ये बीबीसीनेही हेच केले. ‘डॅड्स आर्मी’ (१९६८–१९७७) ही तेथील अतिशय गाजलेली, मोठ्या नटसंचाची विनोदी मालिका. एकूण ८० भाग. त्यांपैकी दुसऱ्या पर्वातील पाच भाग हरवले होते. २००१ मध्ये त्यांतले दोन एका खासगी संग्रहातून परत मिळाले, तीन आजही नाहीत. पण फरक लक्षात घ्या : तेथे हरवलेल्या भागांची मोजदाद आहे, शोध आहे आणि त्या शोधाची बातमीही होते.

१२) येथे एक विलक्षण योगायोग नोंदवला पाहिजे. चिं. वि. जोशी यांनी बडोदे संस्थानात अभिलेखाधिकारी म्हणूनही काम केले. कागद जपणे, लावणे, शोधून देणे हे त्यांचे कामच होते. अशा दप्तरदाराच्या मानसपुत्राची दृश्य नोंद मात्र दप्तराअभावी विरली. यावर चिमणरावानेच एखादी खुसखुशीत तक्रार लिहिली असती.

१३) वारसा मात्र विरला नाही. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि २००१ मध्ये तिच्यावर केदार शिंदे दिग्दर्शित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. तिचा आधार होता प्रभावळकरांचेच ‘अनुदिनी’ हे लेखन. आबा प्रभावळकर, शेखर राजन भिसे, श्यामला शुभांगी गोखले, शलाका रेश्मा नाईक, शिऱ्या विकास कदम. पुन्हा रोजनिशीतले निवेदन, पुन्हा त्यातून उलगडलेले कुटुंब. कालचा चिमणराव आता आजोबा झाला होता. ‘टिपरे’ आजची मुले हवी तेव्हा पाहतात. ‘चिमणराव’ त्यांना ऐकून माहीत आहे. दोन्हींच्या गुणवत्तेत तेवढे अंतर नाही. अंतर आहे ते जपणुकीत.

१४) भाषेनेही आपल्यापुरती नोंद ठेवली. एक किडकिडीत आणि एक आडदांड मित्र सोबत चालताना दिसले की अजूनही कोणीतरी ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ म्हणतोच. म्हणणाऱ्याने एकही भाग पाहिलेला नसतो. मौखिक परंपरा अशीच टिकते : मूळ पाठ हरवतो, पात्रे उरतात.

१५) पण मौखिक साधनांना आयुष्याची मर्यादा असते. ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे गेले. ज्यांनी ही मालिका प्रौढपणी पाहिली, ते कामगार आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी येथील जुन्या वसाहतींत आणि चाकणकडच्या गावांत ते अजून आहेत. शिवकालीन एका पत्रासाठी आपण महिनोन्‌महिने दप्तरे धुंडाळतो. हे साक्षीदार तर आपल्याच घरात बसले आहेत.

१६) म्हणून एक विनंती. या आठवड्यात घरातल्या आजी-आजोबांना चार प्रश्न विचारा. मालिका कोणाच्या घरी पाहिली? संच कोणत्या साली आला? कोणता प्रसंग आठवतो? पाळीमुळे भाग चुकला, तर तो कोणी सांगितला? उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. जुन्या ट्रंकेत परवान्याची पुस्तिका, संचाची पावती किंवा संचाशेजारी काढलेले छायाचित्र सापडले, तर फेकू नका. आठवणी परस्परांशी जुळणार नाहीत. न जुळू द्या. त्यांची छाननी नंतर करता येईल. आधी त्या कागदावर आल्या पाहिजेत.