उड्डाणनोंदीची कुळकथा
विमान कोसळले की शोधपथके आधी ब्लॅक बॉक्स हुडकतात. त्यामुळे हे यंत्र अपघातांच्या तपासासाठीच जन्माला आले, असा सर्वसाधारण समज आहे. त्याचे मूळ मात्र सुखरूप उतरलेल्या विमानांत सापडते.

अमेरिकेत १९३० च्या दशकात विमानांचा आराखडा करणाऱ्यांपुढे एक साधा पण अवघड प्रश्न होता: वादळी हवेतला झोत पंखाला नेमका किती जोराचा तडाखा देतो? हिशेबाने काढलेली उत्तरे अपुरी पडत होती. नासाची पूर्वज असलेल्या ‘नॅका’ या संस्थेच्या लँग्ली प्रयोगशाळेने यासाठी ‘व्ही-जी रेकॉर्डर’ हे छोटे उपकरण वापरात आणले. काजळी धरलेल्या काचेवर एक सुई टेकलेली असे. विमानाचा वेग बदलला की ती एका दिशेने सरके आणि उभा धक्का बसला की तिच्याशी काटकोनात. उपकरणात घड्याळ नव्हते. एका उड्डाणाची रेघ दुसऱ्या उड्डाणाच्या रेघेवर उमटत जाई आणि कित्येक तासांच्या उड्डाणांनंतर काचेवर एक भरीव डाग उरे. अभ्यासकांना हवी असे ती त्या डागाची कड, कारण कोणत्या वेगाला जास्तीत जास्त केवढा धक्का बसला हे तिथे दिसे. नेहमीच्या मार्गांवरील प्रवासी विमानांत ही उपकरणे बसवून अशा काचा जमवल्या गेल्या आणि तीव्र झोत किती वारंवार गाठतात याचे अंदाज त्यांवरून बांधले गेले. एकेका उड्डाणाची कहाणी पुसून टाकून हजारो तासांचे सार काढण्याची ही पद्धत आजच्या विदा-विश्लेषणाची खरी पूर्वज म्हणावी लागेल.

फ्रान्समध्ये १९३९ साली फ्रांस्वा उस्नो आणि पॉल बोदुआँ यांनी वेगळी वाट धरली. मारिन्यानच्या चाचणी केंद्रात त्यांनी केलेल्या यंत्रात उंची, वेग वगैरे मापांनुसार बारीक आरसे हलत आणि त्यांवरून परावर्तित झालेला प्रकाश सरकत्या फिल्मवर रेघा काढी. येथे काळाची नोंद आली, पण उपयोग चाचणी-उड्डाणांपुरता होता.

अपघाताचा तपास या कुळात उशिरा आला. ब्रिटिश कॉमेट हे प्रवाशांची नियमित वाहतूक करणारे पहिले जेट विमान. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याहून उडालेले एक कॉमेट वादळात सापडून काही मिनिटांत मोडून पडले. पुढच्या वर्षी जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ आणखी दोन कॉमेट समुद्रात कोसळली. मेलबर्नच्या वैमानिकी संशोधन प्रयोगशाळेतील डेव्हिड वॉरन हे इंधनाचे रसायनतज्ज्ञ. कॉमेटच्या गूढावरील चर्चेत इंधनाचा जाणकार म्हणून ते सहभागी होते. त्यांचे वडील १९३४ साली बास सामुद्रधुनीवर बेपत्ता झालेल्या विमानात होते. एका प्रदर्शनात वॉरन यांनी पोलादी तारेवर आवाज टिपणारा, खिशात मावणारा जर्मन ध्वनिमुद्रक पाहिला होता. असे यंत्र कॉकपिटमध्ये असते, तर शेवटच्या क्षणी वैमानिक काय बोलले ते कळले असते, असे त्यांच्या मनात आले. १९५४ साली त्यांनी तसा अहवाल लिहिला आणि पुढे चार तासांचे बोलणे व उपकरणांची मापे तारेवर साठवणारा नमुना तयार केला.

मायदेशात स्वागत थंडच झाले. अशा मुद्रणातून खुलाशांपेक्षा शिव्याच जास्त ऐकू येतील, असा शेरा ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाने मारला. वैमानिकांच्या संघटनेला तर हा हेरगिरीचाच प्रकार वाटला. १९५८ मध्ये ब्रिटनचे सर रॉबर्ट हार्डिंगहॅम यांनी प्रयोगशाळेला भेट दिली तेव्हा नमुन्याचे महत्त्व त्यांनी ओळखले आणि पुढचे काम ब्रिटनमध्ये झाले. १९६० साली क्वीन्सलँडमधील मॅके येथे फोकर विमान कोसळून २९ जण गेले. त्या चौकशीनंतर कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण सक्तीचे करणारा पहिला देश मात्र ऑस्ट्रेलियाच ठरला.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स रायन १९५० च्या दशकात मापे टिपणाऱ्या यंत्रावर काम करत होते. तेथील नियमानुसार १ जुलै १९५८ पासून २५,००० फुटांपेक्षा उंच उडणाऱ्या मोठ्या विमानांत नोंदयंत्र आवश्यक झाले. त्यातील सुया धातूच्या पत्र्यावर पाच गोष्टी कोरत: वेळ, उंची, वेग, दिशा आणि उभा धक्का. ओरखडे भिंगाखाली मोजावे लागत. एका अपघातापुरते हे जमे, रोजच्या शेकडो उड्डाणांसाठी अशक्य होते.

संगणकाला वाचता येणाऱ्या चुंबकीय फितीने ही अडचण दूर केली. ब्रिटनमध्ये १९६२ पासून नियमित उड्डाणांच्या नोंदी पद्धतशीर जमवल्या जाऊ लागल्या. धुक्यात विमान आपोआप उतरवणारी यंत्रणा तेव्हा आकार घेत होती. तिच्यामुळे प्राणघातक अपघाताची शक्यता एक कोटी अवतरणांत एकापेक्षा कमी असावी, अशी अट होती. एवढी दुर्मीळ घटना चाचणीत घडवून पाहता येत नाही. पुष्कळ साध्या अवतरणांच्या मापांवरूनच तिचा अंदाज बांधावा लागतो. व्ही-जी काचेमागचा तर्क येथे पुन्हा कामाला आला.

पुढे मजबूत कवचातील ब्लॅक बॉक्सखेरीज सहज काढता येणारा दुसरा रेकॉर्डर विमानांत आला. त्याच्या नोंदींतून संगणक ठरलेल्या मर्यादा ओलांडणाऱ्या घटना वेचतो, जसे धावपट्टीजवळ येताना वेग जास्त, खाली येण्याचा दर जास्त किंवा चाके टेकताना बसलेला धक्का मोठा. अमेरिकेत १९९० च्या दशकात या पद्धतीला ‘फोका’ हे नाव रूढ झाले आणि भारतातही तेच चालते. वैमानिकांची जुनी धास्ती कायम होती. २००१ मधील अमेरिकी नियमाने गुन्हा किंवा हेतुपुरस्सर कृत्य वगळता या नोंदींच्या आधारे वैमानिकावर कारवाई करण्याला मनाई केली. १ जानेवारी २००५ पासून २७,००० किलोपेक्षा जड विमाने चालवणाऱ्या कंपन्यांना असे विश्लेषण आंतरराष्ट्रीय मानकांनुसार बंधनकारक झाले.

अपघाताचा तपास आणि उड्डाणांचा अभ्यास हे नोंदींचे दोन्ही उपयोग किती जवळचे आहेत, हे २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयानाच्या अपघातात दिसले. कक्षेत गेलेले ते पहिले शटल असल्याने यानाच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यात शेकडो संवेदक आणि एक फीतयंत्र बसवलेले होते. अपघाताच्या तपासासाठी ते नव्हते आणि तसे कवचही त्याला नव्हते. तरीही १९ मार्चला टेक्ससमध्ये हेम्फिलजवळ ते सापडले आणि फीत वाचता आली. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेतून तप्त वायू आत शिरल्याचे तिच्यातून पक्के झाले.

ठरलेल्या मर्यादांच्या पद्धतीत एक उणीव आहे: ज्या धोक्याची कल्पनाच कोणी केलेली नाही, त्याला मर्यादाही नसते. म्हणून नासाच्या एम्स केंद्राने वेगळी साधने तयार केली. ती सगळ्या उड्डाणांची आपसांत तुलना करून इतरांपेक्षा निराळी उड्डाणे पुढे काढतात. निराळे म्हणजे धोक्याचे, असे मात्र नाही. नियंत्रकाने अचानक मार्ग बदलायला लावला तरी उड्डाण निराळे दिसते. नोंदीत वैमानिकाने काय केले ते असते, का केले ते बहुधा नसते. ते विचारण्यासाठी अनेक कंपन्यांत वैमानिकांचाच एक विश्वासू प्रतिनिधी नेमलेला असतो आणि उड्डाणामागचे नाव फक्त त्यालाच उघडता येते.