जुलैत बघायचं घर
महाबळेश्वरात घर बघायचं तर जुलैत बघावं, असं अप्पा म्हणायचे. अप्पा म्हणजे माझे चुलत आजोबा, हाडाचे सुतार. गावातल्या कितीतरी बंगल्यांची दारं-खिडक्या त्यांच्या रंध्याखालून गेलेली. पण जुलैत येतो कोण? गिऱ्हाईक येतं मे महिन्यात. व्हरांड्यात उभं राहून दरी बघतं आणि भावाचं बोलायला लागतं.

यंदा असाच एक जुना पारशी बंगला विक्रीआधी नीट करायचं काम माझ्याकडे आलं. नवं काही करण्याआधी कुणीतरी केलेली जुनी दुरुस्ती खरवडण्यातच निम्मा हंगाम गेला. भिंती जांभ्याच्या. जांभा पावसात पाणी पितो, उन्हात सोडतो. त्याच्यावर सिमेंटचा गिलावा थापला की पाणी आतच अडकतं आणि भिंत फुगते. चुना मळणारा गवंडी शोधायला वाईपर्यंत जावं लागलं. चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचं, हे अप्पांकडून ऐकलेलं होतं. हिरड्याला या डोंगरात तोटा नाही.

अप्पांच्या गोष्टींत गावाचा जन्मही असायचा. ‘महाराजांनी डोंगर दिला, साहेबानं खंडाळा दिला,’ एवढ्यात ते उरकायचे. कागदावरही फार वेगळं नाही. 1829 साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी ही जागा इंग्रजांना दिली, बदल्यात वाईकडचं खंडाळा घेतलं आणि गव्हर्नर माल्कमच्या नावानं माल्कम पेठ वसली. चिनी कैद्यांची गोष्ट मात्र ते रंगवून सांगत. इथल्या तुरुंगातले ते कैदी भाजी पिकवायचे, वेताच्या टोपल्या विणायचे. तुरुंग 1864 मध्ये मोडला. आमच्या घरातली एक टोपली त्यांच्याच हातची, असा अप्पांचा दावा होता. आजी हसायची, तिनं ती बाजारातून आणली होती.

गिऱ्हाइकाला हे सगळं आवडलं. किमतीत ‘हेरिटेज’चा आकडा चढतो तो अशा गोष्टींवरच. इथल्या बऱ्याच जुन्या बंगल्यांसारखी याचीही जमीन सरकारी भाडेपट्ट्यानं घेतलेली, हे ऐकल्यावर उत्साह जरा उतरला. विकायचं ते दगड, सागवान आणि पट्ट्याची उरलेली वर्षं. त्यालाही कलेक्टरची परवानगी हवी.

खरी अडचण आली ती पश्चिमेच्या व्हरांड्यावर. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तोही आडवा. म्हणून इथे मे सरताना घरांना कोळंब गवताच्या झड्या बांधतात. व्हरांडा, खिडक्या सगळं झाकून टाकायचं आणि चार महिने आत दिवा लावून बसायचं. अप्पा झड्यांचे सांगाडे करायचे. साहेब आणि शेठ मंडळी उतरून गेली की मग तर त्यांच्या हाताला फुरसत मिळायची नाही. नव्या मालकाच्या आर्किटेक्टनं या पश्चिमेच्या व्हरांड्याला अखंड काचेची भिंत आखली होती. मग झडी कुठे बांधायची, असं मी विचारलं. तो म्हणाला, पाऊस दिसायला हवा ना! पाऊस बघायचा असतो, हे या डोंगरात पावसाळा न काढलेल्या माणसालाच सुचतं.

पुष्कळ वाद झाला. शेवटी काच आली, पण व्हरांड्याच्या आत. बाहेरचे खांब आणि झड्यांच्या लोखंडी कड्या राहिल्या. सौदा झालाय, फाईल साताऱ्याला गेलीय. ती परत येण्याआधी पाऊस येणार, म्हणून गवताचे भारे मी माझ्याच खर्चानं टाकून ठेवलेत. बिल कुणाच्या नावानं फाडायचं, ते नंतर बघू.